शेवटच्या बाकावरील ऐकणें

शाळेची इमारत बांधावयाची म्हटली म्हणजे मंडळी प्रथम जागा पाहतात, मग पाणी पाहतात, मग हवा व उजेड यांचा विचार करतात. खिडक्या किती असाव्या, दारें कोणत्या दिशेस असावीं, पावसाळ्यांत छप्पर गळेल कीं काय, या सर्व गोष्टींचा खल होतो. परंतु या खोलींत एक मनुष्य बोलूं लागला असतां चाळीस मुलांस तें सारखें ऐकूं येईल कीं नाहीं, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक शाळा ही मुख्यतः ऐकण्याची जागा होय. मूल तेथें दिवसाचे पांच-सहा तास बसतें, आणि त्यांतील पुष्कळसा वेळ त्याचें काम एवढेंच असतें कीं, दुसऱ्यानें बोललेलें नीट ऐकावें. ज्या गोष्टीवर शिक्षणाची एवढी भिस्त, तिचीच व्यवस्था दैवावर सोपवावी, हें चमत्कारिक नव्हे काय?

याचें फळ मुलांस भोगावें लागतें. शेवटच्या बाकावरचा मुलगा विचारलेल्या प्रश्नास भलतेंच उत्तर देतो. शेजाऱ्यास ‘काय म्हणाले?’ म्हणून विचारतो, आणि वर्गांत बोलल्याबद्दल शिक्षा पावतो. मग प्रगतिपुस्तकांतून ‘लक्ष देत नाहीं’ असा शेरा घरीं जातो. अशा मुलांपैकीं कांहीं खरोखरच लक्ष देत नसतील. त्यांची वकिली आम्ही करीत नाहीं. पण कांहींच्या कानांपर्यंत शब्दच पोंचलेला नसतो, आणि हें त्यांस स्वतःसही ठाऊक नसतें. कारण जें ऐकूं आलेंच नाहीं तें आपल्या हातून निसटलें, हें मुलानें ओळखावें कशावरून?

हा केवळ आमचा तर्क नव्हे. न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन भागांत एका प्राथमिक शाळेच्या अगदीं बाजूनें उंच पुलावरून आगगाडी जात असे. दर साडेचार मिनिटांनीं गाडी यावयाची, आणि सुमारें अर्धा मिनिट शिक्षकांस गप्प बसावें लागावयाचें. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनीं एका सहकाऱ्यासह या शाळेंतील मुलांच्या वाचनाच्या परीक्षा तपासल्या आणि इ. स. १९७५ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केला. रुळांच्या बाजूच्या वर्गांतील मुलें त्याच इमारतीच्या दुसऱ्या, शांत बाजूच्या वर्गांतील मुलांपेक्षां वाचनांत मागें होतीं. आणि वरच्या इयत्तेंत तर हें अंतर जवळजवळ एका वर्षाच्या अभ्यासाइतकें होतें. पुढें रेल्वेच्या अधिकाऱ्यांनीं रुळांखालीं रबराच्या गाद्या बसविल्या, आणि शिक्षणमंडळानें त्या बाजूच्या खोल्यांस आवाज शोषणारीं छतें घातलीं. त्यानंतर पुन्हां परीक्षा पाहिल्या. १९८१ मध्यें प्रसिद्ध झालेला हा दुसरा निष्कर्ष असा कीं, दोन्ही बाजूंच्या मुलांत फरक उरला नव्हता. ज्यांस ‘मंद’ म्हणावयाचें त्यांच्यांत आणि इतरांत भेद बुद्धीचा नसून भिंतीच्या कोणत्या बाजूस जागा मिळाली याचा होता, हें येथें स्पष्ट दिसतें.

आतां बंद खोलींत आवाज वागतो कसा, हें पाहूं. उघड्या मैदानांत बोलणाऱ्यापासून जसजसें दूर जावें तसतसा आवाज झपाट्यानें क्षीण होतो. अंतर दुप्पट झालें कीं त्याची तीव्रता एक चतुर्थांश उरते. खोलींत मात्र भिंती मदतीस येतात. शिक्षकाच्या मुखांतून निघालेला आवाज सरळही कानावर येतो, आणि छतावर व भिंतींवर आपटून मागाहूनही येतो. मागाहून येणारा हा आवाज सेकंदाच्या सुमारें विसाव्या भागाच्या आंत आला, तर कान त्यास मूळ आवाजांतच मिळवून घेतो आणि शब्द अधिक ठळक होतो. त्याहून उशिरा येणारा आवाज मात्र नुसता घुमतो. कठीण भिंतींच्या खोलींत तर तो एकदां नव्हे, शेकडों वेळां या भिंतीवरून त्या भिंतीवर जातो, आणि मरण्यास वेळ लावतो. या रेंगाळण्याला आपण निनाद म्हणूं.

निनादानें नुकसान होतें तें व्यंजनांचें. स्वर हे बलवान व लांबट असतात. व्यंजनें दुबळीं व क्षणिक असतात. ‘आ’ चा निनाद हवेंत तरंगत असतां त्याच्या मागून आलेलें ‘ट’ किंवा ‘ठ’ त्यांत बुडून जातें. आपल्या मराठींत तर अल्पप्राण व महाप्राण यांच्या भेदावर अर्थ फिरतो: पाट आणि पाठ, दार आणि धार, बात आणि भात, ताट आणि थाट. मोठ्या माणसाचें अशानें फारसें अडत नाहीं. पंगतींत कोणी ‘भा—’ एवढेंच ऐकलें तरी भात वाढावयास आला आहे हें त्यास समजतें, कारण भाषा पूर्वींच त्याच्या ओळखीची असते व गाळलेल्या जागा तो आपल्या पदरचें घालून भरतो. मुलाजवळ हा सांठा थोडा असतो; आणि जें मूल नुकतें इंग्रजी शिकूं लागलें आहे त्याच्याजवळ तर मुळींच नसतो. ‘थिन’ व ‘फिन’ हे दोन निराळे शब्द आहेत हें ज्यास आजच सांगावयाचें, त्यास ते घुमणाऱ्या खोलीच्या टोकाला बसवून सांगणें म्हणजे अंधारांत अक्षरें गिरवावयास लावणें होय. म्हणून ज्या खोलींत मोठ्यांची सभा सुखानें पार पडते, ती खोली मुलांच्या वर्गास चालेलच, असें समजूं नये.

निनाद मोजतां येतो व त्याचें गणित मांडतां येतें, हें जगाला दाखविलें अमेरिकेंतील वॉलेस क्लेमेंट सॅबाइन या पदार्थविज्ञानाच्या तरुण प्राध्यापकानें. इ. स. १८९५ मध्यें हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयांत एक नवें व्याख्यानगृह उघडलें. दिसावयास तें सुंदर होतें; पण त्यांत बोललेलें कोणास समजेना. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनीं ही अडचण सॅबाइन यांच्याकडे सोपविली. त्या वेळीं त्यांचें वय अवघें सत्तावीस होतें. त्यांनीं साधनें घेतलीं तीं अगदीं साधीं: ऑर्गनची एक नळी, वेळ मोजण्याचें यंत्र, आणि स्वतःचा कान. जवळच्या सँडर्स नाट्यगृहांतील बैठकींच्या गाद्या रात्रीं मदतनिसांकरवीं वाहून आणावयाच्या, थोड्या थोड्या करून व्याख्यानगृहांत मांडावयाच्या, नळी वाजवून बंद करावयाची, आणि आवाज विरेपर्यंत किती वेळ जातो तें टिपावयाचें. पहांट होण्यापूर्वीं सर्व गाद्या पुन्हां जागच्या जागीं! असा उद्योग त्यांनीं वर्षानुवर्षें केला. रिकाम्या व्याख्यानगृहांत आवाज साडेपांच सेकंद रेंगाळत असे. म्हणजे वक्ता दहा-बारा शब्द पुढें गेला तरी त्याचा पहिला शब्द अजून हवेंतच! गाद्यांनीं जागा भरीत नेली तेव्हां हा काळ सुमारें एक सेकंदापर्यंत खालीं आला.

या प्रयोगांतील एक गोष्ट आम्हांस विशेष शिकण्यासारखी वाटते. सॅबाइन यांच्या लक्षांत आलें कीं, आपल्या अंगावरील कपडेसुद्धां आवाज पितात व त्यानें आंकडे बदलतात. मग त्यांनीं अमुकच कोट, अमुकच विजार असा पोशाख ठरवून टाकला, आणि प्रयोगाच्या वेळीं तोच घालूं लागले. शास्त्रांतील खरेपणा म्हणतात तो हाच.

त्यांनीं काढलेला नियम इतका सोपा आहे कीं, वरच्या इयत्तेंतील विद्यार्थ्यास तो सहज चालवितां येईल. खोलीचें घनफळ घनमीटरांत काढावें, त्यास ०.१६१ नें गुणावें, आणि खोलींतील एकंदर शोषणानें भागावें. उत्तर निनादाचे सेकंद येतील. शोषण मोजण्यासाठीं त्यांनीं मोठी मौजेची युक्ति योजिली. उघड्या खिडकींतून गेलेला आवाज परत येत नाहीं; म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शोषणाचें एक माप. गुळगुळीत चुन्याच्या गिलाव्याचा एक चौरस मीटर अशा मापाचा सुमारें तीन शतांशच शोषतो. जाड कापड चुण्या घालून टांगलें तर तें जवळजवळ अर्धें माप शोषतें.

आतां एक वर्ग घेऊं: लांबी ८ मीटर, रुंदी ६ मीटर, उंची साडेतीन मीटर. घनफळ १६८, त्यास ०.१६१ नें गुणिलें असतां २७ येतात. जमीन, छत व चार भिंती मिळून पृष्ठभाग १९४ चौरस मीटर. सर्व कांहीं दगड, चुना व सिमेंट असें धरलें, आणि खिडक्या लावून घेतल्या, तर शोषण ५.८ च्या आसपास. निनाद साडेचार सेकंदांहून अधिक. अशा खोलींत कोणीही मुलांवांचून शिकवीत नाहीं, हें खरें. प्रत्येक मूल कपड्यांसह सुमारें ०.३५ माप शोषतें असें धरूं. चाळीस मुलांचे १४ झाले, शोषण २० च्या घरांत गेलें, आणि निनाद १.४ सेकंदांवर आला. अंगणाकडच्या चार खिडक्या उघडल्या, त्यांचें क्षेत्रफळ ७ चौरस मीटर असेल तर निनाद एक सेकंद. शिक्षकाच्या समोरची, म्हणजे मुलांच्या पाठीमागची भिंत जाड कापडानें झांकली तर तो पाऊण सेकंदाच्याही थोडा खालीं येतो. छताच्या मागील अर्ध्या भागास काथ्याची किंवा भुशाची मऊ तक्तपोशी केली तर अर्ध्या सेकंदाच्या जवळ जातां येतें. अमेरिकेंत २००२ पासून जें शाळागृहांचें प्रमाण प्रचारांत आहे त्यांत साधारण वर्गास ०.६ सेकंदाची मर्यादा घातली आहे. ती मर्यादा रिकाम्या वर्गासाठीं आहे; आमचा हा काल्पनिक वर्ग मात्र मुलें बसलेलीं व खिडक्या उघड्या असतां, भिंतीचें कापड व तक्तपोशी यांच्या मदतीनें त्या आंकड्याच्या आंत येतो.

मागची भिंत व छताचा मागचा भाग असें आम्हीं मुद्दाम म्हटलें. शिक्षकाच्या डोक्यावरचें छत व पाठीमागची भिंत कठीणच राहूं द्यावी. तेथून परतणारा आवाज लवकर पोंचतो व मदत करतो. हें तत्त्व जुन्या कारागिरांस गणितावांचून अवगत होतें. जुन्या गोव्यांतील बॉम जेझू बॅसिलिकेंत गेलेल्यांनीं तेथील कोरीव लांकडी व्यासपीठ पाहिलें असेल. त्याच्यावर छत्रासारखें झांकण आहे. असें झांकण शोभेसाठीं खरेंच, पण त्याचें दुसरें काम असें कीं, उपदेशकाचा शब्द उंच कमानींत उडून न जातां खालीं लोकांकडे वळावा. आमच्या देवळांतील लांकडी सभामंडप दोन-तीन बाजूंनीं उघडे असतात. तेथें निनादास राहावयास जागाच नसते, आणि कीर्तनकाराचा शब्द न् शब्द कळतो. याच्या उलट विजापूरचा गोलघुमट. इ. स. १६५६ च्या सुमाराचें हें बांधकाम. घुमटाचा आंतील व्यास सुमारें ३८ मीटर. सज्ज्यांत एका बाजूस भिंतीशीं कुजबुजलेलें समोरच्या बाजूस ऐकूं येतें, आणि टाळी वाजविली तर ती अनेक वेळां परत येते. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२२ च्या सुमारास या घुमटाच्या ध्वनीचा अभ्यास केला होता. सहलीस गेलेल्या मुलांस तेथें मोठी गंमत वाटते. पण त्याच मुलांस घेऊन तेथें भूगोलाचा एक तास घेऊन पाहावा!

मात्र निनाद हा शत्रूच, असेंही नव्हे. गायनास तो हवा असतो. त्यानें सुरास सूर लागतो. सॅबाइन यांच्या सल्ल्यानें बांधलेलें बोस्टनचें सिंफनी हॉल १५ ऑक्टोबर १९०० रोजीं उघडलें आणि आजही जगांतील उत्तम संगीतगृहांत गणलें जातें. तेथील निनाद दोन सेकंदांस थोडा कमी आहे. ज्या शाळेंत एकाच दालनांत गायन व व्याख्यान दोन्ही व्हावयाचीं, तेथें सरकते जाड पडदे ठेवणें हाच सोईचा मार्ग: भाषणाच्या वेळीं ओढावे, गायनाच्या वेळीं सारावे.

निनादाखेरीज दुसरें संकट गोंगाटाचें. तो बाहेरून येतो तसा आंतही उपजतो. आवाज हा पाण्यासारखा फटींतून शिरतो. दार कितीही जाड असलें तरी त्याच्या क्षेत्रफळाचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तर वीस डेसिबलांपेक्षां अधिक आवाज तें अडवूं शकत नाहीं. दोन वर्गांमधील भिंत छतास न भिडवितां मध्येंच सोडून देण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. मग इकडे व्याकरण चाललें असतां तिकडचे पाढे वरून येऊन पडतात. ही उणीव फळ्या ठोकून व फटी बुजवून भरून काढतां येते. रस्त्याकडे झाडें लावलीं कीं आवाज थांबतो, अशी एक समजूत आहे. झाडांची सावली अवश्य घ्यावी. पण झाडांच्या एखाददुसऱ्या रांगेनें आवाज फारसा अडत नाहीं, तो भिंतीनें अडतो. कायद्याचाही आधार आहे. भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें शाळा, रुग्णालयें व न्यायालयें यांच्या भोंवतालचें १०० मीटरपर्यंतचें क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करतां येतें, आणि तेथें दिवसा ५० डेसिबलांची मर्यादा असते. अशी मागणी करावयाची तर पालकांनीं पुढाकार घ्यावा, असें आम्हांस वाटतें. एकट्या मुख्याध्यापकांच्या अर्जापेक्षां शंभर पालकांच्या सह्यांस वजन अधिक.

कोंकणांतल्या वाचकांस पत्र्याच्या छपराविषयीं सांगावयास नकोच. आषाढांत सर कोसळूं लागली कीं शिक्षक फळ्यावर लिहूं लागतात, बोलणें बंद. बासेल मिशननें १८६५ मध्यें मंगळूरास कौलांचा कारखाना काढला, आणि तीं कौलें पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरलीं. त्यांच्यावर पाऊस वाजतो, पण पत्र्यासारखा कडाडत नाहीं. पत्रा काढणें शक्य नसेल तर त्याच्या खालीं हातभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्या व त्यांवर काथ्याचा थर असें छत घालावें. ऊनही कमी लागतें.

आंत उपजणाऱ्या गोंगाटाचा एक विचित्र नियम आहे. एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्यानें १९११ मध्यें दाखवून दिलें कीं, भोंवतीं आवाज वाढला म्हणजे मनुष्य नकळत आपला स्वर चढवितो. वसतिगृहाच्या भोजनगृहांत याची प्रचीति रोज येते. फरशीची जमीन, उघड्या भिंती, ताटांचा खणखणाट. दोघे जरा मोठ्यानें बोलले कीं चौघे त्यांच्यावर बोलतात, मग सर्व पंगत ओरडूं लागते, आणि शेवटीं व्यवस्थापक सर्वांहून मोठ्यानें ‘शांत बसा’ म्हणून ओरडतात. त्यांचा राग आम्ही समजूं शकतों, पण त्यानें गोंगाटांत एका आवाजाची भरच पडते. तेथें छत मऊ करावें, पंगती लहान कराव्या, बाकांच्या पायांस जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधावे. हा शेवटचा उपाय वर्गासही लागू आहे. त्यास खर्च जवळजवळ नाहीं, आणि बाक सरकविण्याची ती अंगावर कांटा आणणारी कर्कश खरड नाहींशी होते. शिक्षकांच्या घशासही अशा सुधारणांची गरज आहे, हें विसरूं नये.

कधीं कधीं आवाज घालवितां येत नाहीं, तेव्हां चांगल्या आवाजानें वाईट झांकावा. न्यूयॉर्कमध्यें भर वस्तींत १९६७ मध्यें पेली पार्क नांवाची एक चिमुकली बाग केली. तिच्या मागच्या भिंतीवरून सहा मीटर उंचीचा पाण्याचा पडदा अखंड कोसळतो. शेजारच्या रस्त्यावरील मोटारी तशाच धांवतात, पण खुर्चीवर बसलेल्यास ऐकूं येतें तें पाणी. शाळेच्या अंगणांत लहानसें कारंजें असलें तर मधल्या सुटींत तें सर्वांस सुखवील. वर्गाच्या खिडकीखालीं मात्र तें नको, कारण तेथें शब्द झांकला जाईल.

घराविषयीं थोडेंसें. घरांत अंथरुणें, कपडे, पुस्तकें असतात, त्यामुळें निनाद सहसा नसतो. तेथें विघ्न असतें तें दुसऱ्यांच्या बोलण्याचें. पंख्याच्या घरघरीपेक्षां शेजारच्या खोलींतील संभाषण किंवा दूरदर्शनसंचावरील संवाद वाचणाऱ्यास अधिक छळतात, कारण शब्दांकडे मन ओढलें जातें. एका खोलीच्या बिऱ्हाडांत मुलास निराळी खोली कोठून द्यावी? पण संध्याकाळचा एक तास तो संच बंद ठेवणें कोणत्याही बिऱ्हाडास शक्य आहे. आणखी एक: ‘लक्ष देत नाहीं’ असा शेरा आला तर रागावण्यापूर्वीं मुलाचे कान तपासून घ्यावे. साधा मळ, किंवा पडशानंतर कानाच्या पडद्यामागें सांठलेलें पाणी, एवढ्यानेंही कित्येक आठवडे कमी ऐकूं येतें.

विद्यार्थ्यांनीं आपल्या वर्गाची परीक्षा स्वतः घ्यावी, म्हणून एक प्रयोग सांगतों. पाट-पाठ, दार-धार, बात-भात, ताट-थाट, कार-खार अशा वीस जोड्या लिहून काढाव्या. शिक्षकांनीं प्रत्येक जोडीतील कोणताही एक शब्द नेहमींच्या आवाजांत एकदांच वाचावा. मुलांनीं ओठांकडे न पाहतां, वहीकडे पाहून ऐकलेला शब्द लिहावा. चुका मोजून त्या बाकांप्रमाणें फळ्यावरील नकाशांत भराव्या. दुसऱ्या दिवशीं घरोघरच्या चार-सहा घोंगड्या आणून मागच्या भिंतीवर टांगाव्या, शब्दांचा क्रम बदलावा, आणि तीच परीक्षा पुन्हां घ्यावी. दोन्ही नकाशे शेजारीं शेजारीं ठेवून मुख्याध्यापकांस दाखवावे. आणि भिंतीची कायमची व्यवस्था होईपर्यंत बसण्याच्या जागा दर पंधरवड्यास बदलाव्या, म्हणजे शेवटचें बाक कोणा एकाच्याच वांट्यास येणार नाहीं.